पाठ फिरवायची ऐट

काल लाँचमधून पलीकडच्या बंदरावर उतरले, तर बाजारात एक बाई टोमॅटो चाचपत होती. भाव ऐकताच तिने हातातला टोमॅटो टोपलीत टाकला, "राहू दे, पुढे बघते," म्हणाली आणि चालू लागली. दहा पावलंही गेली नसेल, भाजीवाल्याने हाक मारली, "ओ ताई, या, कमी करतो!"

माझा जीव जळला. तिच्या गळ्यातली बोरमाळ मला नको होती. पाठ फिरवायची ती ऐट हवी होती. आमच्या बेटावर दुकान एकच. लाँच त्याच दुकानदाराची. सरपंचही तोच, दर खेपेला बिनविरोध. घरपट्टी वाढवणारा तो आणि गाऱ्हाणं ऐकणाराही तोच. इथे पाठ फिरवून तोंड कुणाकडे करायचं?

तरी आज त्याच्या दुकानात मी टोमॅटो खाली ठेवला आणि अगदी तिच्यासारखं म्हटलं, "राहू दे, पुढे बघते."

तो हसला नाही की रागावलाही नाही. "बघा की वैनी," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे कांदे तोलू लागला.

मी दहा पावलं चालले. पुढे समुद्र होता. हाक काही आली नाही.