अफूच्या युद्धातला आपला शेठ

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात दिवाळीची एकांकिका माझी, हे ठरलेलंच. लेखन मी, दिग्दर्शन मी आणि खलनायक तर मीच! ती भूमिका दुसऱ्याला दिली की माझ्या पोटात दुखतं. यंदा विषय घेतला अफूच्या युद्धाचा.

गोष्टच अशी नाटकी आहे. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. चीनला इंग्रजांकडून चांदीशिवाय काही नको होतं. चांदी पुरेना, तेव्हा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानातली अफू चोरून तिथे विकू लागले. घरंच्या घरं व्यसनात बुडाली. बादशहाच्या अधिकाऱ्यानं ती अफू जप्त केली, चुना आणि मीठ घालून नष्ट केली. झालं! ‘आमचा माल’ म्हणून व्यापाऱ्यांनी बोंब ठोकली आणि खुल्या व्यापाराच्या नावाखाली युद्धनौका निघाल्या. चीन हरला. हाँगकाँग गेलं, वर भरपाईही द्यावी लागली.

अधिकाऱ्याचं काम मी आमच्या अध्यक्षकाकूंच्या व्याह्यांना दिलं. ते चिनी आहेत. त्यांचा मुलगा आणि काकूंची मुलगी यांची लेक, म्हणजे दोघांची लाडकी नात.

काकूंच्या बेसमेंटमध्ये पहिली तालीम झाली. व्याह्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, “ही अफू सगळी इंग्रजांनीच पिकवली?”

“बरीचशी,” मी म्हणालो. “माळव्यातली मात्र आपल्या संस्थानिकांच्या मुलखातली. मुंबईचे शेठ ती जहाजांनी पाठवायचे.”

“ते शेठ नाटकात कुठे आहेत?”

“वीस मिनिटांत कुणाकुणाला कोंबू?”

“शेठ नसेल तर मीही नाही.”

काकू उसळल्या. “अहो, दिवाळी आहे! नात पहिल्या रांगेत बसणार. तिच्या आजीकडच्यांनी अफू विकली, हे तिला चिवडा खाताना सांगायचं?”

“तिच्यासाठीच म्हणतोय. नाहीतर तिला वाटेल, तिच्या घरात एका बाजूला नुसते मार खाणारे आणि दुसऱ्या बाजूला नुसते प्रेक्षक.”

काकू माझ्याकडे वळल्या. “आणि तू? बोलणार आहेस, की मिशी पिळत बसणार?”

मी खरोखरच खोटी मिशी लावून बसलो होतो.

“काकू, इंग्रज दुसऱ्या कुणाला देऊ. शेठ मी करतो.”

“पगडी घालायला मिळते म्हणून!”

“तेही आहेच.”

प्रयोगाला मी पगडी, उपरणं अशा थाटात, अफूची पेटी घेऊन रंगमंचावर आलो आणि सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं. “वा शेठ!” नात तर उभी राहून टाळ्या पिटत होती. इंग्रजाला कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मी सुखावून दोनदा मुजरा केला.

अधिकाऱ्याच्या वेशातल्या व्याह्यांनी टाळ्या पूर्ण थांबू दिल्या. मग विचारलं, “पेटीत काय आहे?”

“माल.”

“कुणासाठी?”

“पैसे देईल त्याच्यासाठी.”

तालमीत या वाक्याला हशा यायचा. इथे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. खलनायक म्हणून मी शिव्या खाल्ल्या आहेत, पण टाळ्या देऊन परत घेणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

नंतर फराळाच्या टेबलाशी नातीनं इंग्रजीत विचारलं, “आजी, मग मी कुणाच्या बाजूची?”

काकूंनी व्याह्यांकडे पाहिलं.

“दोन्हीकडची,” काकू म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढली. “बस. आधी आपल्या शेठचं सांगते.”