परबांच्या लॅपटॉपची दसऱ्याची पूजा

"मॅडम, लॅपटॉप चालूच होत नाही. माझी वाट लागली!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परबांचा फोन. मुलांनो, निवृत्तीनंतरही मी मुलुंडला घरूनच काही जुन्या क्लायंट्सचे हिशेब बघते, हे तुम्हाला माहीत आहे. परब त्यांतले एक. घाटकोपरचे, मूळ मालवणचे, तिघा भावांत थोरले. आई त्यांच्याकडे. तिचं पेन्शन, भावांनी पाठवलेले पैसे, औषधं, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, सगळं ते पर्सनल फायनान्स सॉफ्टवेअरमध्ये लिहीत. रविवारी भाऊ हिशेब बघायला येणार होते. धाकट्या दिलीपने फोनवर ऐकवलंही होतं, "आत्ताच बरा बिघडला रे, दादा!"

परब आईचे पैसे खाणारे नव्हते. पण ते दाखवणार कशाने?

मी रिक्षाने थेट रिपेअरवाल्याचं दुकान गाठलं. परब आणि वहिनी तिथेच होते. कीबोर्डच्या फटींत हळद-कुंकू.

"पूजा केली हो," वहिनी म्हणाल्या. "हिशेब स्क्रीनवर उघडे ठेवून केली. फुलाने थोडंसंच पाणी शिंपडलं."

"बोर्ड गेला," रिपेअरवाला म्हणाला. "डिस्क ठीक आहे. दुसऱ्या मशीनला टाकून फॉरमॅट मारतो, झकास चालेल."

"फॉरमॅट मारलंस तर सगळं पुसलं जाईल. डिस्क काढून मला दे."

"तुम्ही कॉम्प्युटरवाल्या काय, आजी?"

"अकाउंटंट. दे."

परबांना विचारलं, "बॅकअप?"

"रोज घेतो ना, मॅडम!"

"कुठे?"

"लॅपटॉपवरच."

म्हणजे घराची दुसरी चावी घरातच ठेवायची आणि बाहेरून लॅच ओढून घ्यायचं.

घरी येऊन मी डिस्क केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडली. पहिला नियम: मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची कॉपी करायची आणि जे काही प्रयोग करायचे ते कॉपीवर. या सॉफ्टवेअरचे सगळे हिशेब एकाच डेटा फाइलमध्ये असतात. ती उघडेना. चालू असतानाच मशीन बंद पडल्याने ती खराब झाली होती. मग बॅकअपचा फोल्डर काढला. सगळ्यांत नवा बॅकअपही उघडेना; डिस्क भरल्याने तो अर्धवटच लिहिला गेला होता. मी एकेक करत मागे गेले. गणपतीच्या आधीचा उघडला, आणि पेन्शनची पहिली नोंद दिसली तेव्हा मी एकटीच "वा!" म्हणाले.

पुढच्या नोंदी राहिल्या होत्या. बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करून सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. रोखीने आणलेल्या औषधांची बिलं वहिनींनी डब्यात जपून ठेवली होती, ती परबांनी वाचली, मी टाइप केली. शेवटी सॉफ्टवेअरमधली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक ताडून पाहिली. पैशाला पैसा जुळला.

रविवारी मी मुद्दाम गेले. दिलीपने पहिल्या नोंदीपासून सगळं पाहिलं. एकेक बिल मागितलं. प्रत्येक मिळालं. शेवटचं बिल त्याने स्वतः डब्यात परत ठेवलं.

"दादा, चुकलं माझं."

पलंगावरून आई म्हणाली, "चुकला मां? मगे ह्या म्हयन्यापासून बायचो पगार तू दी."

सगळे हसले. दिलीपही हसला, आणि पगार त्याने खरंच द्यायला घेतला.

रिपेअरवाला आता डेटाची अडचण आली की गिऱ्हाइकांना माझा नंबर देतो. "मुलुंडच्या आजींना विचारा," म्हणतो. मला ते आवडतं, लपवत नाही.

वहिनींची पूजा बंद झालेली नाही. लॅपटॉप बंद करून, पाणी न शिंपडता, नुसतं फूल वाहतात. आणि परब दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर एक पेनड्राइव्ह घेऊन येतात. "सोनं घ्या, मॅडम." मी आधी तो पेनड्राइव्ह माझ्या मशीनवर उघडून बघते, मग त्यांना चहा देते. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, आजी, आमचं सगळं क्लाउडवर असतं. असू दे. शेवटचं कधी उघडून पाहिलंत?