कान टोचणाऱ्याची चाळिशी

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. सोनपेठेत ते सांगायची गरज नव्हती. गावातल्या निम्म्या कानांना भोकं बन्सीधर सोनारांनीच पाडलेली होती. माझ्याही. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, त्यांना मी काका म्हणायचो. बाजारच्या दिवशी बाया लेकरं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायच्या. आई कानाच्या पाळीवर कुंकवाचा टिपका लावायची, काका त्यातून सोन्याची तार आरपार घालायचे. लेकरू रडायचं ठरवेपर्यंत काम उरकलेलं असायचं.

पंचेचाळिशी ओलांडली तसा तो टिपका त्यांना दिसेनासा झाला. मान मागं नेऊन, डोळे बारीक करून बघायचे. मी म्हटलं, "काका, चाळिशी घ्या की." भडकलेच.

"चाळिशी लावली तर कोनती बाई मांडीवर लेकरू दील रे? म्हनतील, म्हाताऱ्याला दिसंना."

हट्टाला औषध नसतं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी पेपरात बातमी आली, लेसरनं चष्मा कायमचा जातो. बारीक अक्षर दिसेना, म्हणून काका कात्रण घेऊन माझ्याकडे आले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी वरच्या चार ओळी वाचल्या आणि "एवढंच हाय" म्हणून कागद परत दिला. त्यांनी तो देवाच्या तसबिरीमागं जपून ठेवला.

"दिवाळी झाली की परभणीला डॉक्टरला इचारतो," म्हणाले. "तवर चालतंय."

दिवाळीआधीच त्यांची लेक केशर माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी कान टोचायचे होते. कस्तुराकाकू म्हणाल्या, "दुसऱ्या सोनाराला बलवा. तुमाला दिसायलंय का?"

"माझ्या नातीचे कान दुसरा टोचनार?"

काकांनी अंगठ्यानं पाळी चाचपली आणि अंदाजानं तार घातली. उजवा कान नीट टोचला. डाव्याला पोर लय रडली. भोक पार काठाला पडलं होतं. पुढं ते पिकलं आणि पाळी खालून फाटली. सगळे म्हणाले, भरून येईल. काकांना नुसतं लाल काहीतरी दिसत होतं, त्यांनीही तेच खरं धरलं.

दिवाळीनंतर मी त्यांच्यासोबत परभणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, "लेसर लांबचं न दिसणाऱ्या तरण्यांसाठी आहे. वयानं जवळचं दिसेनासं झालं तर चष्माच." मग काकांनी सोबत आणलेल्या कात्रणाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथंच लिहिलंय की."

मी मान खाली घातली. काकांनी कात्रणाची घडी घालून ती खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाळिशी त्याच दिवशी घेतली. घरी येऊन त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि डावा कान बघितला. पाळीचे दोन तुकडे झाले होते. काकूंनी पोर उचलून नेली तरी काका तसेच बसून होते.

पुढच्या बाजारी सरजाबाई नातू घेऊन आली. चष्म्याकडे बघून हसली आणि लेकरू बिनघोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिला चष्म्याचं काहीच वाटलं नाही. ज्या भीतीपायी हे सगळं झालं, ती भीतीच खोटी निघाली.

काकांनी तारेला हात लावला नाही. मी म्हटलं, "काका, आता तर नीट दिसायलंय न्हवं तुमाला?"

"दिसायलंय," काका म्हणाले. "म्हनून तर न्हाई टोचत."

आणि लेकरू उचलून त्यांनी तिच्या हातात परत दिलं.