बाळ बाहेर कुणी न्यायचं

"तू आतच थांब. बाळ पाटील सिस्टर नेतील."

एवढं म्हणून मेट्रनबाईंनी माझ्या हातातलं बाळ काढून घेतलं आणि पाटील सिस्टरच्या हातात दिलं. मी लेबर रूमच्या दारात उभी. एप्रनवर अजून रक्त. सकाळपासून त्या बाईच्या उशाशी मी होते. तिनं कळ आली की माझंच मनगट आवळलं होतं, वळ उठले होते. डोकं बाहेर आलं तेव्हा खाली हात माझे होते. तोंडातला चिकटा मी काढला. रडेना, तर तळपायावर टिचक्या मी मारल्या. रडल्यावर सगळ्यांत आधी हसले ती मीच. आणि आता दार ओलांडायच्या वेळेला हात दुसऱ्याचे.

दार लागलं. पलीकडं एकच गलका. "पोरगा झाला! पोरगा झाला की!" कुणीतरी पाटील सिस्टरला म्हणालं, "लई उपकार झालं बघा ताई तुमचं." पाटील सिस्टर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती त्या बाळंतपणात नव्हतीच. ती वर जनरल वॉर्डात इंजेक्शनं देत होती, तिला मुद्दाम खाली बोलावून घेतलं होतं.

थोड्या वेळानं दवाखान्यातली मावशी कागदावर पेढा घेऊन आत आली. मी नको म्हटलं.

"घे की गं. पेढ्याचा काय दोष?"

पेढ्याचा काहीच दोष नव्हता. तरी मी घेतला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. कोल्हापुरातलं एक खासगी प्रसूतिगृह. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक म्हणतात, तेवढा एक दवाखाना वाईट असेल. मला तेवढ्यावर कुणाला सोडायचं नाही. माझं गाव गारगोटीकडचं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. वडील वारणानगरला कामगार. त्यांनी मला नर्सिंगला घातलं तेव्हा आई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी शेणघाण काढन्यापरीस ही सेवा बरी. हितं तरी मान हाय." आईला दवाखान्यातलं काय माहीत?

मी डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं. डॉक्टरबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांचा हात हलका होता, अडलेल्या बायका त्यांनी मोकळ्या केलेल्या मी पाहिल्यात. त्या माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुझं काम उत्तम आहे गं. पण लोकांची श्रद्धा असते. पहिला हात ज्याचा लागतो, त्याचे गुण बाळ घेतं असं मानतात. पेशंटच्या भावना आपण सांभाळायला नकोत का?"

पहिला हात! मी तोंडावर हसले नाही, एवढंच. बाई, पहिला हात माझाच लागतो. नाळ कापायच्या आधी लागतो. गुणच घ्यायचे असतील, तर कोल्हापुरातल्या निम्म्या मोठ्या घरांतली पोरं माझे गुण घेऊन हिंडतील. पण हे मी बोलले नाही. नोकरी नवी होती. घरी धाकट्या दोघी शिकत होत्या.

वर्षभर असंच चाललं. माझ्या हातात यायचं, दुसरीच्या हातून जायचं. लोकांच्या भावना तर इतक्या सांभाळल्या जायच्या की काय सांगावं! सिझेरियनची वेळ पंचांग पाहून ठरायची. बाळाला बाहेर न्यायलाही राहुकाळ टळेपर्यंत थांबायचे. खोलीखोलीत देवांच्या तसबिरी, कुणी अंगारा लावायचं, कुणी खाटेखाली विळा ठेवायचं. मेट्रनबाई सगळ्याला हो म्हणायच्या.

मग ती आली. आमच्याच भागातली, पहिलटकरीण, विशीतली पोर. सरकारी दवाखान्यात नेऊ म्हणत होते, पण नवरा शिक्षक, त्यानं हट्टानं इथं आणलेलं. तिच्या सासूनं उशाशी बाबासाहेबांचा एक छोटा फोटो ठेवला. मेट्रनबाई फेरीला आल्या. "हे असलं काही इथं नको," म्हणाल्या आणि फोटो उचलून स्टुलावर पालथा ठेवला. भिंतीवर त्यांच्या डोक्यामागं गणपती होता.

मी फोटो सुलटा केला. परत उशाशी ठेवला. मेट्रनबाईंनी पाहिलं आणि पुढच्या खाटेकडं वळल्या.

पोरगी कळांनी ओरडायला लागली. कोण ओरडत नाही? पण तिला मेट्रनबाईंकडून ऐकावं लागलं, "तुमच्या लोकांना सवयच आरडाओरड्याची." तिनं ओठ चावून धरला. रक्त आलं ओठातून. मी तिच्या कानाशी म्हटलं, "वरड बाई. मोप वरड. कुनाच्या बाचं काय जात न्हाय." तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

मुलगी झाली. मी पुसली, गुंडाळली. सवयीनं दाराकडं पाहिलं, आता कोण न्यायला येतंय म्हणून. मेट्रनबाई आल्या त्या एकट्याच.

"ही तुमच्यातलीच आहे ना? हिचं बाळ ने तू बाहेर."

वर्षभर मी ज्याची वाट पाहिली, ते असं मिळालं. माझं काम चांगलं आहे म्हणून नाही. हे बाळ माझ्या हातानं बाटण्याची भीती नव्हती, म्हणून. अंगाचा नुसता भडका उडाला. तोंडावर नको म्हणावं असं वाटलं. पण नको म्हटलं असतं तर अपमान त्या लेकराचा झाला असता.

मी दार ढकलून बाहेर गेले. सासू पुढं आली. बाळ घेतलं, पण बघत राहिली माझ्याकडं.

"कुनाच्यातली गं तू, पोरी?"

हा प्रश्न मला जन्मापासून विचारत आलेत. विचारताना माणूस अर्धं पाऊल मागं सरकतं. म्हातारी मागं सरकली नाही.

"तुमच्यातलीच, आजी. जयभीम."

"आगं माझ्या बाई! जयभीम, जयभीम!" म्हणत तिनं बाळ मुलाकडं दिलं आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला रडू आलं, आणि मी तिथंच रडले. वर्षाचं साठलेलं होतं. पण रडतानाच मनाशी पक्कं झालं. हा दरवाजा मी ओलांडला तो ओलांडला. आता कुणी माणसं बघून मला सोडायचं आणि माणसं बघून अडवायचं, हे चालणार नाही.

त्याच दिवशी दुपारी दुसरी बाळंतीण सुटली. मोठं बागायतदार घर, व्हरांड्यात माणसंच माणसं. मुलगी झाली. पाटील सिस्टर हात पुढं करून उभी.

"दे," ती म्हणाली.

"नाही."

"अगं, मेट्रनबाई..."

"तुझ्यावर राग नाही माझा. बाजूला हो."

ती खरंच बाजूला झाली. तिनंच दार उघडून धरलं. खाली बघत होती, पण धरलं.

मी व्हरांड्यात गेले. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळंतपण मी केलं." आणि माझं आडनाव मोठ्यांदा सांगितलं. आमच्याकडं आडनाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नाही.

सासूचे पुढं आलेले हात थांबले. "दुसरी कुनी बाई न्हाय व्हय हितं?"

"आहेत. पण बाळ माझ्या हातात आलंय."

कुणी पुढं येईना. पोरगी रडायला लागली. मी तिला छातीशी धरून थोपटत उभी राहिले. मागं फिरले नाही. शेवटी सासूनं पदराचं टोक हातावर ओढून बाळ घेतलं आणि सुनेच्या आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरी गेल्यावर पयलं न्हाऊ घाला."

"घाला की," मी म्हटलं. "पहिली आंघोळ मीच घातलीय तिला."

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. डॉक्टरबाईंचा आवाज तेव्हाही गोडच. "माफी माग त्या लोकांची. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"माफी मागणार नाही. काढा मला. फक्त का काढलं ते खरं लिहून द्या. बाळ हातात घेऊन बाहेर गेले म्हणून काढलं, असं लिहा आणि खाली सही करा."

त्यांनी पेन उचललं नाही. "जा कामाला," म्हणाल्या. मी गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. सगळं गोड झालं असं नाही. काही घरांनी त्या दवाखान्यात यायचं बंद केलं. मेट्रनबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. दर बाळंतपणाला दारात तोच झगडा. मी बाहेर जात राहिले.

दोन हजार सालानंतर मी दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात मेट्रन झाले. तिथं एकदा पुण्याहून सुटाबुटातले साहेब आम्हाला शिकवायला आले. सगळ्या समाजातली माणसं नोकरीत घ्या, म्हणाले. पेशंटच्या संस्कृतीचा मान राखा, म्हणाले. पडद्यावर रंगीत चित्रं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले. "साहेब, पेशंट म्हणाला, ह्या सिस्टरचा हात नको, हिची जात नको, तर?"

साहेब हसले. "अशा वेळी मॅडम, थोडं सांभाळून घ्यायचं. शांतपणे दुसरी सिस्टर पाठवायची."

"सांभाळायचं म्हणजे कुणाला सांभाळायचं?"

मग मी बोलले ते आजही तसंच्या तसं बोलेन. बाईला तिच्या बोलीत धीर द्या, मी देते. मुसलमान बाईला पडदा हवा, मी लावते. सीमेवरची कानडी बाई आली तर मी कानडी येणारी मुलगी शोधून तिच्या उशाशी बसवते, आणि तशी मुलगी नोकरीत घेतलेली असते म्हणून ती सापडते. कुणाच्या उशाशी कुठलाही फोटो असो, तो माझ्या वॉर्डात पालथा पडत नाही. पण माझ्या मुलींच्या हाताचा विटाळ मानणं ही कुणाची संस्कृती असेल, तर तिचा मान मी राखणार नाही. डॉक्टर सांगोत, मालक सांगोत, पेशंटचा बाप सांगो.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

माझ्याकडं आज महार-मांगांच्या, धनगरांच्या, मुसलमानांच्या, मराठ्यांच्या मुली आहेत. नवीन मुलगी आली की मी तिला इंजेक्शनच्या आधी एक गोष्ट शिकवते. बाळ तुझ्या हातात आलं तर तूच बाहेर न्यायचं, नाव-आडनाव स्पष्ट सांगायचं, आणि समोरच्यानं तोंड फिरवलं तरी जागा सोडायची नाही. तोंड त्यानं फिरवलंय, लाज त्याची. आपण हात मागं घ्यायचा नाही.