दोघांना एकदम

नातसुनेसाठी बाळंतशेपा भाजताना वास घरभर पसरला आणि मला माझं जव्हारचं बाळंतपण आठवलं. तेव्हा तिथे संस्थान होतं आणि आमचे हे कचेरीत कारकून होते. मला जुळं झालं, मुलगा आणि मुलगी. सासूबाई म्हणाल्या, "आधी मुलाला पाज." त्याचं पोट भरेपर्यंत मुलगी रडून थकायची आणि न पिताच झोपायची. पाचव्या दिवशी तिचा आवाजही खोल गेला.

जवळच्या साखरशेत गावची सुईण रोज सकाळी बाळांना न्हाऊ घालायला यायची. तिने मुलीकडे पाहिलं, माझ्या दोन्ही बाजूंना उशा ठेवल्या, त्यांवर एकेक बाळ ठेवलं आणि दोघांचे पाय माझ्या काखेखालून मागे सरकवले.

"बाय, दोघांना एकदमच घे. पोरगी आता थांबायची नाय."

मुलाने लगेच तोंड लावलं. मुलीच्या ओठांवर सुईणीने दुधाचा थेंब पिळला, तशी तीही हळूहळू ओढू लागली. सासूबाई मागे येऊन बसल्या आणि माझ्या पाठीला टेका दिला.

मुलगी वाचली. तेव्हा वाटलं, सुईण मला बाळं धरायला शिकवते आहे. आता कळतं, दोघांतलं एक निवडण्याची वेळच तिने माझ्यावर येऊ दिली नाही.