मुक्यानं आणलेली निरगुडी

भाचीच्या हळदीला चार दिवस उरले होते आणि बायकोचा पाय मुरगळला. हळदीत नाचायचं म्हणून ती महिनाभर स्वयंपाकघरात तालीम करत होती, त्या तालमीतच. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण सूज हटेना. वालूरला तिची मावशी असते. तिनं फोनवर सांगितलं, ओढ्याकाठची निरगुडी आणा, पाला तव्यावर गरम करून बांधा. डहाळ्या सातच. आणि तोडायला हात लावल्यापासून पायावर बांधेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की गुण गेला.

मी असलं काही मानत नाही. पण काम सांगितलं तसंच करतो. वालूरला गेलो, ओढ्याकाठच्या सात डहाळ्या पिशवीत भरल्या.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं. मी परभणीच्या दिशेला बोट केलं. गाडीचं तोंडही तिकडंच, त्याला काय कळणार. तो हळहळला. अपंगांसाठी राखीव सीटवरच्या माणसाला उठवून त्यानं मला बसवलं. मी हात जोडून उठलो, त्यानं खांदा दाबून पुन्हा बसवलं. फुकट मिळालेली ती जागा मला टोचत होती. तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंनी माझ्या पिशवीचा वास घेतला.

"कुनाचा पाय मुरगळला, दादा?"

मी मान डोलावली.

"कंडक्टर, मुके न्हाईत हे. निरगुडी घेऊन जायलेत."

मग सगळी गाडीच माझ्या तोंडावर पहारा देऊ लागली. माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असं कंडक्टरनं जाहीर केलं. मागच्या बाकावर मी हसतो की नाही यावर पैज लागली. मी गाल आतून चावून परभणी गाठली.

घरी पाला बांधून झाला, तोंड उघडणार, तोच आठवलं. तोडताना मी एक ते सात मोठ्यानं मोजलं होतं. लपवणं जमेना. सांगून टाकलं आणि उद्या परत आणतो म्हणालो.

बायको हसून हसून आडवी झाली. "अवो, तुमचं मोजणं म्हंजे काय बोलणं हाय व्हय? ते तर तुमी झोपेतबी करता."

गुण पाल्याचा की चार दिवसांच्या विश्रांतीचा, मला सांगता येणार नाही. हळदीला ती सलग तीन गाणी नाचली. चौथ्यात तिनं मला ओढलं. तिथून पुढची मोजणी माझ्याकडे नाही.