धुळाक्काची चकती

ऑफिसात तिला सगळे धुळाक्का म्हणत. लहानशा, मिणमिणत्या ताऱ्यांभोवती थंड धुळीच्या चकत्या शोधायच्या, हेच तिचं काम. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. तिची जेमतेम ऊब दूर डोंगरावरच्या अँटेना टिपतात आणि अक्काच्या पडद्यावर एक अंधुक डाग उमटतो. झगझगीत ताऱ्यांच्या मागे सगळं जग लागलेलं; अक्काचा जीव मात्र या किरट्यांवर.

पहिला डाग सापडला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने केक आणला, मोठ्या साहेबांना स्वतःच्या हाताने भरवला. पुढे कळलं, तो डाग ताऱ्याचा नव्हताच; फार फार लांब, नेमक्या त्याच्या मागे असलेल्या दीर्घिकेचा, म्हणजे गॅलेक्सीचा होता. अक्काचं तोंड एवढंसं झालं. कॅन्टीनमध्ये कोणी ना कोणी विचारायचंच, "अक्का, आज केक कशाचा?" तीही हसायची, पण डबा अर्धाच ठेवून उठायची.

दुसरा डाग दिसला तेव्हा तिने तोंडाला कुलूप लावलं. असले जवळचे तारे आभाळात हळूहळू सरकतात. धूळ ताऱ्याची असेल तर त्याच्याबरोबर सरकेल. मागची दीर्घिका असेल तर जागची हलणार नाही. म्हणजे काही वर्षं थांबून पुन्हा चित्र घ्यायचं. तिने फक्त आईला सांगितलं.

"काही वर्षं?" आई म्हणाली. "तुला चहा उकळेपर्यंत धीर निघत नाही."

"म्हणून तर सांगतेय. मी कुठे बोलायला लागले तर मला आवर."

आईने ते फारच मनावर घेतलं. भाच्याच्या लग्नात अक्का एका पाहुण्याला "आमच्याकडे एक..." एवढंच म्हणाली, तोच आईने तिच्या तोंडात बिस्किट कोंबलं. बिचारी 'आमच्याकडे एक खोली रिकामी आहे' म्हणणार होती.

काही वर्षांनी, एका दुपारी नवं चित्र आलं. अक्काने ते जुन्यावर ठेवून पाहिलं. तारा सरकला होता. धूळही सरकली होती. तिने साहेबांना बोलावलं. ते खुर्ची ओढून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आलीय की."

अक्काने व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "आई, आता बोललं तरी चालेल."

आईने नाक ओढल्याचा आवाज आला. "मग तिथे एखादा ग्रहही असेल का गं?"

"असेलही. ज्याला हवा त्याने शोधावा. मला धूळच बरी."

त्या दिवशी ती लवकर निघाली आणि बसमध्ये इतकी गाढ झोपली की शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरने उठवलं.